चौकशीच्या खिडकीतलं नरसाळं

मी एक जुनं, पत्र्याचं नरसाळं आहे, मित्रांनो. पण तेल ओतायचं भाग्य माझ्या नशिबी नव्हतं. माझ्यातून जन्मभर नुसते शब्द ओतले गेले, आणि त्यातले निम्मे करवादलेले.

एका मोठ्या कचेरीत चौकशीच्या खिडकीवर एक बाई बसत. समोर काच, काचेला बोलण्यापुरतं भोक, डोक्यावर खडखडणारा पंखा. बाईंना दिवसेंदिवस कमी ऐकू येऊ लागलं होतं. नवरा गेलेला, पदरात दोन मुली. नोकरी गेली तर चूल विझणार. म्हणून त्या कुणाला पत्ता लागू देत नसत. माणसाच्या ओठांकडे टक लावून बरंचसं समजून घ्यायच्या, उरलेल्यासाठी "काय?" विचारायच्या. लोकांनी त्यांचं नावच 'कायबाई' पाडलं. शेवटी तक्रारी झाल्या आणि साहेबांनी निर्वाणीची ताकीद दिली.

त्यांचा धाकटा भाऊ पत्र्याचे डबे करायचा. ताईचं रडू बघून त्याने मला घडवलं. पंख्यापायी ऐकू येत नाही, असं साहेबांना पटवून त्याने माझं निमुळतं टोक भोकातून ताईच्या कानाशी आणलं आणि रुंद तोंड रांगेकडे ठेवलं. माझ्यातून गेलेलं पहिलं वाक्य मला अजून आठवतं: "या बहिरीला इथे कुणी बसवलं?" बाईंना ते लख्ख ऐकू आलं. त्या चक्क हसल्या.

मग काय विचारता माझा थाट! साहेबांनी पाठ थोपटली, सगळ्या खिडक्यांना नरसाळी बसली. मी अगदी हरभऱ्याच्या झाडावर चढलं होतं.

पण बाईंचे कान काही सुधारत नव्हते. उरलंसुरलं ऐकू येणंही थांबलं. त्या पुन्हा ओठांकडे वळल्या, तर ओठ माझ्या पत्र्याआड! ज्याच्या आधारावर त्यांनी इतकी वर्षं रेटली, नेमकं तेच मी झाकून बसलं होतं. साहेब आत खुर्चीशी आले तेव्हा बाई त्यांना म्हणाल्या, हे काढून टाका.

"अहो, तुमच्यासाठीच तर बसवलं ना ते?" साहेब म्हणाले.

बाईंनी ते त्यांच्या ओठांवरून वाचलं. खरं कारण सांगावं तर नोकरी जाणार, न सांगावं तर मी राहणार. त्या पुन्हा रांगेकडे वळल्या. पुढे त्या माझ्या पत्र्याला बोटं लावून बसायच्या. पत्रा थरथरला की कुणीतरी बोलतंय, एवढंच त्यांना कळायचं. काय बोलतंय, ते नाही.

पुन्हा तक्रारी झाल्या, आणि एके दिवशी त्या खुर्चीत दुसरंच कुणी येऊन बसलं. त्याचे कान तिखट होते. त्याला मी फार आवडलं.

आता तिथे माईक आहे आणि मी अडगळीत गंजत पडलंय. मला घासूनपुसून ठेवा, असं मी म्हणणार नाही. गंजू द्या मला. फक्त कुणी पुन्हा "काय?" विचारलं, तर खेकसू नका. त्याच्याकडे तोंड करा, ओठ दिसू द्या, सावकाश परत सांगा. माझ्या बाईंना तेवढंच हवं होतं, मित्रांनो, आणि मीच आडवं आलं.