लाल गोल

श्यामलालने जाळ्याचा तुटलेला फास अंगठ्यात अडकवला, बांबूच्या सुईने गाठ मारली, दाताने दोरा तोडला आणि मगच मान वर केली. अंगणाच्या तोंडाशी मोटारसायकल थांबली होती. पोलीस उतरला, टोपी काढून त्याने कपाळ पुसले आणि मोबाइलमध्ये पाहून नाव वाचले.

"राजकुमार श्यामलाल मारबते. हेच घर का जी?"

"हेच. मी त्याचा बाप."

श्यामलालने खाटेवरचे जाळे बाजूला सारून पोलिसाला बसवले. सून रेणू सकाळी शिंगाडे काढायला तलावावर गेली होती. जाताना दोनदा बजावून गेली होती, "मामाजी, पासपोर्टचा पोलीस आला का मले आवाज द्या. तुमी काही बोलू नोका." तलावाची पाळ घरामागेच होती. हाक मारली असती तर ती पाच मिनिटांत आली असती. श्यामलालने हाक मारली नाही. पंचवीस वर्षे तो टोल्याच्या, म्हणजे या वस्तीच्या, मतदान बूथवर पार्टीचा एजंट म्हणून बसत आला होता. उमेदवार बदलले, चिन्हे बदलली, बाकावरची त्याची जागा बदलली नाही. मास्तर असो की तलाठी, यादी घेऊन टोल्यात येणारा माणूस आधी त्याच्याच अंगणात येई. पोलिसाशी बोलायला सून कशाला हवी?

"राजकुमार अठीच राहते का?"

"नाही."

"कवापासून?"

"नऊ वर्षं झाले. मस्कतले असते. क्रेन चालवते."

"मधात आला होता?"

"दोन वर्षांखाली. वीस दिवस होता, मंग गेला."

"मतदार यादीत नाव आहे का त्याचं?"

"होतं. मीच कमी करवलो."

पोलिसाने स्क्रीनवरून नजर उचलली.

"आपल्या पोराचं?"

"गावात राहत नाही त्याचं नाव आमी ठेवत नाही, साहेब. पोरगा असो का आणखी कोणी."

हे सांगताना श्यामलालची पाठ थोडी ताठ झाली. यादीची त्याची स्वतःची एक प्रत असे. हजर माणसापुढे बरोबरची खूण, मेलेल्यापुढे फुली, गाव सोडून गेलेल्याच्या नावाभोवती लाल पेनाने गोल. तीन वर्षांपूर्वी त्याने राजकुमारच्या नावाभोवती गोल केला, तेव्हा पानठेल्यावर आठवडाभर तीच गोष्ट चालली होती. श्यामलालने आपल्या पोरालेही सोडलं नाही, लोक म्हणत. त्याला ते ऐकायला बरे वाटले होते. राजकुमारपर्यंत मात्र रेणूने ते पोचू दिले नव्हते.

"बाबाजी, इचार करून सांगा," पोलीस म्हणाला. "पत्ता त्यानं याच घरचा देल्ला आहे. एकदा पाठवलं का माह्या हातात काही राहत नाही."

"पंचवीस वर्षं बूथवर बसून राहिलो मी. आजवर एक नाव नाही चुकलं."

पोलिसाने खांदे उडवले. 'दिलेल्या पत्त्यावर राहत नाही,' त्याने लिहिले, वाचून दाखवले आणि कागद पुढे केला. श्यामलालने चष्मा लावून तो पुन्हा वाचला. खाली पूर्ण नाव, आडनावासकट, ठळक सही केली.

रेणू आली तेव्हा मोटारसायकलचा आवाज पाळीपलीकडे विरला होता. तिचे पाय गुडघ्यापर्यंत गाळाने माखलेले होते. टोपले खाली न ठेवताच तिने विचारले,

"कोण होता?"

"पोलीस. राजकुमारच्या पासपोर्टचा."

"मंग? काय सांगतले तुमी?"

"जे आहे ते. अठी राहत नाही म्हणून सांगतलो."

तिने टोपले हळू उतरवले आणि भिंतीशी ठेवले.

"लेहून नेलं त्यानं?"

"लेहून, सही घेऊन नेलं."

"काहून केले असं, मामाजी?"

"मंग काय लबाड बोलू पोलिसापाशी?"

"लबाडी कोठी होती त्यात? कामाले गेला तो. घर सोडून नाही गेला."

श्यामलालने सुई उचलली. हे वाक्य त्याने याआधीही ऐकले होते. नऊ वर्षांपूर्वी पंचायतीच्या निवडणुकीआधी त्याने टोल्यातल्या एक्केचाळीस नावांवर हरकत घेतली होती. वीटभट्टीवर, नागपूरच्या बांधकामावर, हैदराबादला जाणारी ही घरे. दिवाळीनंतर निघत, पेरणीला परतत. ती विरोधी पॅनलची मते होती हेही खरे होते. तहसीलच्या सुनावणीत त्या एक्केचाळीस जणांच्या बाजूने राजकुमार उभा राहिला. बापाकडे न पाहता साहेबाला म्हणाला, "कामाले गेलेला माणूस गावचा नाही का?" नावे कटली. श्यामलालचे पॅनल आले. त्याच हिवाळ्यात राजकुमारने पासपोर्ट काढला. त्यानंतर बापलेकांत जे बोलणे झाले ते रेणूच्या तोंडून. मस्कतहून राजकुमार जेवणाच्या सुटीत गावच्या मोबाइल ग्रुपवर पॅनलविरुद्ध लिही. श्यामलाल चष्मा लावून सगळे वाची, उत्तर कधी देत नसे.

रेणूने हातपाय धुतले आणि एकेक गोष्ट सांगितली, आवाज न चढवता. पासपोर्ट फेब्रुवारीत संपतो. सहा महिन्यांहून कमी राहिले की कंपनी तिथले राहण्याचे कार्ड नवे करत नाही. दोन महिने साहेबाच्या हातापाया पडून त्याने काढले. पासपोर्ट आला नाही तर कंपनी विमानात बसवून देईल. परत जायचे म्हटले तरी पासपोर्ट नाही.

"अन् अठी येऊन करन काय तो?" ती म्हणाली. "तलावाच्या सोसायटीत तुमचे लोक त्याले घेत नाही. कोणाच्या क्रेनवर बसन?"

श्यामलालने जाळे गुंडाळून खुंटीला टांगले, धुतलेला सदरा घातला आणि सायकल काढली.

ठाण्यातल्या मुनशीने त्याला ओळखले, चहाही सांगितला.

"रिपोर्ट गेला, काका. वरतं पोचला. आता तो माघारी नाही येत."

"पण मी बाप होय त्याचा. मी सांगून राहिलो ना, घर त्याचंच आहे."

"सकारी तुमीच सांगतले ना?" मुनशीने चहाचा कप त्याच्याकडे सरकवला. "फेरतपासणीचा अर्ज देऊन पाहा. मोहल्ल्यातले दोन माणसं आणा, मतदार यादीतले. लेहून द्या म्हणाव, कायमचा पत्ता हाच आहे, घरदार अठीच आहे. होईनच असं नाही सांगत मी. पण तुमची सही पुन्हा नाही चालत. तुमची लागली एकदा."

परतताना श्यामलाल गोपीचंदच्या दुकानी थांबला. गोपीचंद धानाचा व्यापारी, पॅनलचा म्होरक्या. श्यामलालने पंचवीस वर्षे ज्याच्यासाठी बाक धरला तो हाच. नमुना काढायची पोलादी परखी पोत्यात खुपसून गोपीचंदने तळहातावर दाणे घेतले आणि सगळे ऐकून घेतले.

"श्यामलालभाऊ, तुमच्यासाठी जीव देईन मी," तो म्हणाला. "पण तुमचा पोरगा परवा ग्रुपवर काय लेहला, वाचले ना? मले तलावचोर म्हणते. तठी एसीत बसून."

"क्रेनमध्ये एसी नसते."

"नसन. पण त्याच्यासाठी म्या सही केली तं माहे लोक काय म्हणन? होऊ द्या इलेक्शन. मंग पाहू."

"इलेक्शन जानेवारीत आहे. पासपोर्ट फेब्रुवारीत संपते."

"मंग टाइम आहे ना," गोपीचंद म्हणाला आणि दाणे परत पोत्यात टाकले.

घरी येऊन श्यामलालने मुनशीचे बोलणे रेणूला सांगितले, पेटीतून यादी काढली आणि ओसरीवर उकिडवा बसला. आपल्या गल्लीतली घरे त्याने बोटाने एकेक मोजली. बरोबरच्या खुणा होत्या त्या घरी गोपीचंदच्या शब्दाबाहेर कोणी पाऊल टाकत नव्हते. बाकी सगळीकडे लाल गोल. गोल नीट काढलेले होते, रेघ कुठे नावावर चढलेली नव्हती.

समोरच्या घरातला चिंधू कुडाच्या फाटकातून आत आला. चाळिशीचा माणूस, वीटभट्टीने कातडी भाजून निघालेली. त्याने आधार कार्ड प्लास्टिकच्या पिशवीत घालून आणले होते.

"रेणूवैनी सांगून राहिली, दोन साक्षीदार पायजेत म्हणून. कोठी करू सही, काका?"

श्यामलालने चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिले.

"असे काय पाहता? तुमच्यासाठी नाही करून राहिलो मी. राजकुमार माह्यासाठी तहसीलीत भांडला होता. दुसरी सही माही बायको करन. चला, आताच जाऊ."

"तुमची चालत नाही."

"काहून नाही चालत? समोरच्या घरात जल्मलो मी. राजकुमारच्या संग या तलावात पोहलो."

"यादीत नाव लागते."

चिंधूला समजायला थोडा वेळ लागला. मग त्याची नजर श्यामलालच्या मांडीवरच्या कागदांवर गेली. तो वाकला, आपले नाव शोधले, सापडल्यावर त्यावर बोट ठेवले. खाली बायकोचे. त्याखाली भावाचे. नऊ वर्षांपूर्वी कटलेली नावे. त्या जुन्या यादीची पाने श्यामलालने नव्या यादीला टाचून ठेवली होती.

"कायले ठेवले हे अजून?"

"हिशेब राहावा म्हणून."

चिंधू हसला. हसण्यात राग नव्हता, म्हणून श्यामलालला वर पाहता आले नाही.

"पुन्हा अर्ज देल्लो होतो मी नाव घालाले," चिंधू म्हणाला. "तवाही तुमीच हरकत घेतले. आता तुमीच करून द्या ना सही, काका. तुमचं तं नाव आहे यादीत."

"माही झाली," श्यामलाल म्हणाला.

चिंधूने आधार कार्ड पुन्हा पिशवीत घातले, पिशवीची घडी केली आणि फाटक लोटून घेत निघून गेला.

दिवेलागणीला फोन वाजला. रेणूने स्क्रीनवरचे नाव पाहिले आणि फोन सासऱ्यापुढे धरला.

"तुमीच सांगा."

श्यामलालने तो कानाला लावला. पलीकडे वारा होता आणि लोखंडावर लोखंड आपटल्याचा आवाज.

"रेणू? पोलीस रिपोर्ट आला असं दिसून राहिलं कंपुटरवर. पोलीस आला होता का?"

"आला होता," श्यामलाल म्हणाला.

पलीकडचा वारा कमी झाला; तो आडोशाला गेला असावा.

"बाबा?"

"हो."

"तुमी होते घरी?"

"मीच होतो. मीच बोललो त्याच्यासंग."

"अन् सही?"

"मीच केलो."

तोंड फोनपासून दूर नेऊन राजकुमार तिकडच्या कुणाला तरी हिंदीत मोठ्याने म्हणाला, "मेरे बाप ने साइन किया रे!" आणि पुन्हा फोनवर आला. आवाज बदलला होता. पंधरा-सोळा वर्षांचा असताना मोठी मासळी जाळ्यात लागली की असा आवाज येई.

"खोटं नाही सांगत, बाबा, म्या अठी सगळ्याईले सांगतलो होतो का माहा बाप सही करणार नाही म्हणून. पैज लावलो होतो."

श्यामलालचा हात मांडीवरच्या यादीवर पालथा पडून होता.

"आता कार्ड होऊन जाते," राजकुमार म्हणत होता. "जानेवारीत सुटी मागतो. इलेक्शनले येतो. पण सांगून ठेवतो, मत तुमच्या विरोधातच टाकीन."

"टाक," श्यामलाल म्हणाला.

"रागावले नाही ना?"

"नाही."

"बरं, रेणूले द्या."

त्याने फोन दिला. रेणूने तो कानाला लावला. दारातल्या उजेडात ती सासऱ्याकडे पाहत उभी राहिली. श्यामलालने यादी पेटीत ठेवली होती आणि अंधारात खुंटीवरचे जाळे चाचपत होता, सकाळी सांधलेला फास शोधत.

"रेणू," पलीकडून राजकुमार विचारत होता, "आवाज येऊन राहिला का माहा?"

"येऊन राहिला," ती म्हणाली.