जाळ्याला विळा लागू नये

या, जवळ सरकून बसा, टाळ जरा खाली ठेवा. हरिनाम झालं, आता एका बाईची गोष्ट सांगतो. ऐकायला जड आहे, पण देवानं कान काही गोडच ऐकायला दिलेले नाहीत.

केमहून पश्चिमेला गेलं की उजनीचं पाणी लागतं. तिथं धोंडीराम भोई आणि त्याची बायको गोजरबाई होडी चालवत. धोंडीरामच्या घराण्याचा नेम होता, जाळ्याला पातं लावायचं नाही. जाळं म्हणजे भीमामायचा पदर. गुंता झाला तर बोटांनी सोडवायचा.

पाण्यात मरळ, वांब असले इथलेच मासे होते तोवर नेम सोपा होता. मग बाहेरची चिलापी मासळी आली आणि त्यांची अंडीपिल्लं गिळून बसली. तिच्यामागून आला हेलिकॉप्टर मासा. अंगाला चिलखत, परांना काटे. ना कुणी खातं, ना कुणी घेतं. जाळ्यात शिरला की काटे फाकून बसतो. बाकीचे भोई जाळं कापून मोकळे होत. धोंडीराम एकेक काटा सोडवत बसे, बोटं रक्ताळेपर्यंत.

"काट्यावर लई माया तुमची," गोजरबाई म्हणे. "माज्या केसाचा गुंता कदी सोडवला न्हाय."

"तितं हात घातला आसता तर बोटं ऱ्हायली नसती," म्हातारा हसे.

एका सकाळी वाऱ्यानं जलपर्णीचा थर जाळ्यावर आणून घातला. जाळं वर येईना. धोंडीराम छातीभर पाण्यात उतरून पानांखाली चाचपू लागला. एक पाय जाळ्यात गेला, सोडवायला वाकला तर दुसराही गेला. वर थर सरकत होता, आणि जाळ्यासकट त्याला खोलाकडं ओढत होता.

जलपर्णीतून वाट काढायला होडीत विळा असे. गोजरबाईनं तो उचलला.

"आवं, कापते."

"थांब गोजरे. सुटतंय."

"पानी गळ्याला आलं की."

"सुटतंय म्हन्तो न्हवं. इळा लावू नगं."

तोंडानं ती त्याला कायम टोचायची, पण घरचा नेम तिनं कधी मोडला नव्हता. ती थांबली. तेवढ्यात त्याचं डोकं पानांखाली गेलं. मग तिनं आंधळ्यासारखा विळा चालवला. हाताला पानं आली, जाळं आलं, काटेरी मासे आले. धोंडीराम आला तो सगळ्यांत शेवटी, आणि गार.

लोक म्हणाले, नेमाचा माणूस, पुण्यवान मरण आलं.

"पुन्य त्यांचं," गोजरबाई म्हणाली. "थांबले ते मी."

बाबांनो, धोंडीरामाचं नाव गाव घेईलच. तुम्ही संध्याकाळी देवापाशी हात जोडाल तेव्हा गोजरबाईची आठवण ठेवा. ती अजून जिवंत आहे, आणि तिला झोप लागत नाही.