एक सवारी कमी

भूपेंद्र सरांनी आपली कादंबरी टीपॉयवर ठेवली. ती फारच मुद्दाम ठेवल्यासारखी दिसायला लागली, म्हणून तिच्यावर कालचं वर्तमानपत्र टाकलं. मग ती दिसेचना. शेवटी अर्धी झाकलेली, अर्धी उघडी अशी तडजोड झाली, तोवर फाटक वाजलं.

सिनेमासाठी गोष्ट शोधत पुण्याहून आलेल्या मृणालनं खुर्चीत बसताच झोळीतून त्याच कादंबरीची प्रत काढली. कोपरे दुमडलेले, पानापानांतून रंगीत चिठ्ठ्या बाहेर आलेल्या. आपलं पुस्तक कुणी इतकं खराब केलेलं सरांनी आजवर पाहिलं नव्हतं. बुऱ्हाणपुरात ज्यांना ज्यांना त्यांनी ते भेट दिलं होतं, त्या सर्वांनी ते अगदी कोरं जपलं होतं.

तिच्या मागोमाग ललित आला. हा सरांचा जुना विद्यार्थी. त्याच्या वर्षी मराठी विषय घेणारा तो एकटाच असल्यामुळे कॉलेजात पहिला आलेला. आता केळीचा व्यापार करायचा आणि मृणालला सकाळपासून गाडीतून गाव दाखवत होता.

"मॅडम पूछत होत्या, कोणत्या कादंबरीवर पिक्चर चांगला बनेल," तो म्हणाला. "मी म्हटलं, ज्यात केळीचा बगीचा असेल तिच्यावर. शाहपुरात काकांचा एकदम तयार आहे."

"माझ्या कादंबरीत केळी नाहीत," सर म्हणाले.

"टाकून देऊ ना, सर."

मृणाल हसली. मग पुस्तकावर हात ठेवून म्हणाली, "सर, ज्या कादंबरीत माणसं बसून विचार करतात, तिचा सिनेमा होत नाही. कॅमेऱ्याला विचार दिसत नाही. तुमची मनीषा सारखी काहीतरी करत असते. सासर सोडते, ट्रंक स्वतः उचलून एसटी पकडते, माहेरी कुणी बोलत नाही तरी रोज अंगण झाडते. म्हणून मी इथवर आले. फक्त शेवट सोडून."

सरांनी चष्मा काढून पुसला. शेवट म्हणजे तापीच्या पुलावरचं प्रकरण. मनीषा संध्याकाळी कठड्याशी उभी राहते, आयुष्याचा विचार करते आणि प्रकरणाअखेर पुलावर कुणीच नसतं. एका समीक्षकानं त्यातल्या कल्पनाशक्तीला 'विलक्षण' म्हटलं होतं. ते कात्रण सरांच्या पाकिटात अजून होतं, घडीवर फाटलेलं.

"शेवटाला हात लावायचा नाही," ते म्हणाले. "तिला दुसरा मार्गच नव्हता."

त्याच वेळी कोकिळाताई मावा जिलबीची बशी घेऊन बाहेर आल्या.

कोकिळाताई म्हणजे सरांची थोरली बहीण. शाहपूरचं सासर सोडून, ट्रंक घेऊन या घरी परत आलेली. पुढे प्राथमिक शाळेत लागली आणि याच लालबाग मोहल्ल्यातल्या दोन पिढ्यांना पाढे शिकवून निवृत्त झाली. कादंबरीतली मनीषा कोण हे सगळ्या लालबागेला ठाऊक होतं. घरात मात्र त्यावर कधी बोलणं झालं नव्हतं. सरांनी दिलेल्या प्रतीला ताईंनी खाकी कव्हर घातलं होतं, एवढीच काय ती प्रतिक्रिया.

"गरम आहे तोवर घ्या," ताई म्हणाल्या आणि बशी ठेवायला जागा हवी म्हणून वर्तमानपत्र पुस्तकासकट उचलून बाजूला केलं.

"बसा ना, मावशी," मृणाल म्हणाली. ताई वेताच्या मोढ्यावर बसल्या.

"सर, मार्ग नव्हता असं तुम्ही म्हणता. पण एवढी चिवट बाई, ती अशी जाईल हे प्रेक्षकाला पटत नाही. मला ती परत फिरायला हवीय. फक्त कशामुळे, ते सापडत नाहीये."

"लावा देवळाची घंटा," सर म्हणाले. "तुम्हा सिनेमावाल्यांना तेच लागतं."

"कुत्र्याचं पिल्लू," ललित जिलबी तोडत म्हणाला. "पुलावर भटकतंय. पब्लिक रडतं सर, सच्ची."

"ऑटोवाला," ताई म्हणाल्या.

तिघांनी त्यांच्याकडे पाहिलं. ताई पदरानं बशीची कड पुसत होत्या.

"पुलाच्या तोंडाशी तेव्हा ऑटो उभे राहायचे. भरल्याशिवाय हलत नव्हते. एकाला एक सवारी कमी होती. तो माझ्या पाठीमागे येऊन ओरडायला लागला, लालबाग, एक सवारी, लालबाग. मी म्हटलं, मला नाही यायचं. तर म्हणतो, बाई, यायचं नाही तर उभ्या कशाला? आत बसलेल्या बायकाही वैतागल्या होत्या. एक म्हणाली, बस ना वो बाई, तुझ्यापायी सगळे खोळंबले, माझी भाजी वाळून चालली. आता इतकी माणसं खोळंबलेली म्हटल्यावर काय करणार. बसले. जागा नव्हती, तर तिनं आपलं पोर माझ्या मांडीवर टाकलं. लालबाग येईपर्यंत ते झोपून गेलं."

ललितच्या हातातली जिलबी हातातच राहिली. मृणालनं वही काढली नाही.

"ताई," सर म्हणाले, "पूल मी कल्पनेनं लिहिला होता."

"हो?" ताईंनी पहिल्यांदाच मान वर केली. "मला वाटलं, तुला कुणीतरी सांगितलं असेल. भाजीवालीनं नाहीतर ऑटोवाल्यानं. वाचलं तेव्हा वाटलं, बरं झालं, भूपाला माहीत आहे. विचारत नाही, पण माहीत आहे."

सरांनी चष्मा लावला, काढला, पुन्हा लावला. बाहेर कुणाच्या तरी पॉवरलूमचा खडखडाट चालू होता, तो आज फार जवळून येत होता.

"त्या दिवशी तू घरी आलीस, तेव्हा मी होतो?"

"होतास की. या इथंच, वाचत बसला होतास."

"काही बोललो?"

ताईंनी जरा आठवलं. "बोललास. ताई, दार लावून घे, डास येतात."

त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती. खरंच डास असायचे तेव्हा.

मृणालनं विचारलं, "सर, हे घेऊ?"

सरांनी टीपॉयकडे हात नेला. पुस्तक तिथं नव्हतं. "मला नका विचारू," ते म्हणाले. "तिला विचारा."

"घ्या की," ताई म्हणाल्या. "फक्त तो सारखा ओरडत असला पाहिजे. नुसता वाट बघत बसला तर कोण बसणार आहे?"

दिवेलागणीला ललितनं गाडी वळवली. ताई मृणालबरोबर फाटकापर्यंत गेल्या आणि तिथंच बोलत उभ्या राहिल्या; ती काय विचारत होती ते घरात ऐकू येत नव्हतं. गाडी गेली तरी ताई लगेच परतल्या नाहीत. शेजारणीशी बोलायला लागल्या, मग तुळशीची वाळकी पानं खुडत बसल्या.

दिव्याभोवती डास जमायला लागले होते. एक सरांच्या कानाशी गुणगुणत होता. दाराची कडी धरून सर उंबऱ्यात उभे राहिले, आणि ताई आत येईपर्यंत त्यांनी दार उघडंच ठेवलं.