डॅडींचे अडतीस सेकंद

दोन्ही हात पुढे करा. तळवे वर. आता कल्पना करा, की त्यांवर कुणीतरी एक काळी गोल थाळी ठेवली आहे. जेवायच्या ताटाहून लहान, पण चांगली जड. मधोमध भोक, भोकाभोवती लाल कागद. डोळ्यांजवळ नेलीत तर तिच्यावर केसाएवढ्या बारीक रेघा दिसतील. खरं तर ती एकच रेघ आहे, कडेपासून मधल्या कागदापर्यंत फिरत फिरत गेलेली. त्या रेघेत आवाज कोरलेला असतो. हलू नका. पडली तर काचेसारखे तुकडे होतील.

ही फार जुन्या काळातली रेकॉर्ड. ही प्लास्टिकची नाही, तसल्या नंतर आल्या. ही लाखेची. पळस, बोर, कुसुम अशा झाडांच्या फांद्यांवर एक इवलासा किडा राहतो आणि स्वतःभोवती चिकट कवच करतो. ते कवच म्हणजे लाख. लाखेत दगडाची पूड आणि काजळी मिसळून अशा थाळ्या बनवत. एवढं लक्षात ठेवा. मनवाला हे कुणी सांगितलं नव्हतं.

मनवा अकरा वर्षांची. घोडपदेवच्या एका चाळीत दुसऱ्या मजल्यावर राहते. तिचे बाबा, दौलत, लाकडी सामानाला पॉलिश करतात. डिलाईल रोडवरच्या वर्कशॉपात कपाटं, खुर्च्या, देव्हारे. त्यांची बोटं कायम तपकिरी असतात. घरात एका पिशवीत चपडा असतो. चिक्कीच्या पातळ कपच्यांसारखा दिसतो, पण खायचा नाही. तो बाटलीत टाकून वर स्पिरिट ओतलं, की सकाळपर्यंत विरघळून त्याचं पॉलिश होतं. चपडा म्हणजे काय, तर साफ केलेली लाख.

तुमच्यातल्या कुणाच्या काही लक्षात आलं असेल, तर अजून बोलू नका. मनवाला कळायचंय.

शेजारच्या खोलीत आग्नेलो अंकल राहतात. ऐंशी वर्षांचे, एकटे. मुलगी नेरिसा वसईला असते. त्यांच्याकडे एक चावीचा ग्रामोफोन आहे, एक विजेवरचा रेकॉर्ड प्लेअर आहे आणि चाळीसएक मोठ्या, प्लास्टिकच्या रेकॉर्डी आहेत. सगळ्या जॅझच्या, आणि जवळजवळ सगळ्या ट्रंपेटच्या. जॅझमध्ये सगळे मिळून वाजवतात आणि मध्येच एक जण उठून उभा राहतो. मग तो कुठल्या कागदावर नसलेलं, त्या क्षणी त्याला सुचलेलं वाजवतो. अंकल मनवाला म्हणायचे, "सूर सगळेच ऐकतात, बाय. तू श्वास ऐक. माणूस कुठे दम घेतो, ते ऐकलंस की तो माणूस कळला."

पण लाखेची ती जड रेकॉर्ड एकच होती. लाल कागदावर फक्त बँडच्या मालकाचं नाव होतं. ट्रंपेटवाल्याचं नाव कुठेच नव्हतं. तो ट्रंपेटवाला म्हणजे अंकलचे वडील.

ते याच चाळीत राहायचे आणि संध्याकाळी हॉटेलांत वाजवायला जायचे. दिवसा सराव करायची पंचाईत होती. चाळीत सगळे गिरणी कामगार, रात्रपाळी करून आलेले. मग ते ट्रंपेटचं तोंड उशीत खुपसून वाजवायचे. अंकल तेव्हा लहान. घरात त्यांनी वडिलांचा ट्रंपेट ऐकला तो नेहमी उशीतलाच, कुणाचं तोंड दाबल्यासारखा. ते नऊ वर्षांचे असताना वडील गेले. मोकळा ट्रंपेट त्यांना मिळाला तो या रेकॉर्डवर. पियानो थांबतो, एक छोटासा श्वास ऐकू येतो, आणि मग अडतीस सेकंद डॅडी एकटे वाजवतात. बस्स, तेवढंच.

दोन नोव्हेंबरला कॅथलिक लोक आपल्या गेलेल्या माणसांच्या थडग्यांवर फुलं ठेवतात, मेणबत्ती लावतात. पण मुंबईत जागा कमी. थोड्या वर्षांनी तीच जागा दुसऱ्याला देतात. अंकलच्या वडिलांच्या जागी त्यानंतर किती माणसं गेली, कुणास ठाऊक. म्हणून अंकल सकाळी चर्चमधून घरी येत, ग्रामोफोनशेजारी मेणबत्ती लावत आणि ती रेकॉर्ड वाजवत. वर्षातून एकदाच. कारण रेघेतून फिरणारी टोकदार पिन दर खेपेला ती रेघ थोडी थोडी खात जाते.

गेली तीन वर्षं चावी मनवाच द्यायची. अंकलचे हात थरथरतात.

"किती फिरवलीस?"

"तीस."

"अजून दहा. नाहीतर डॅडी मध्येच झोपतील."

यंदा मात्र अंकलना वेगळीच धास्ती होती. त्यांचे कान चालले होते. नेरिसाने फोनवर विचारलं, "पपा, तिकडे पाऊस आहे का?" तर ते म्हणाले, "हो हो, जेवलो." कानाचं मशीन शिट्ट्या मारतं म्हणून ड्रॉवरमध्ये पडलं होतं. मोठ्या रेकॉर्डी त्यांनी गणपतीपासून लावल्या नव्हत्या.

"पण ट्रंपेट भिंतीतून जातो," ते मनवाला सांगायचे. "माझ्या कानात नाही शिरणार? यंदा एकदा ऐकू दे. मग गेले तरी चालतील कान."

पाऊस संपला की रेकॉर्डींवर बुरशी येते. दरवर्षी अंकल आणि मनवा मिळून मोठ्या रेकॉर्डी पुसायचे, पाण्यात थोडं स्पिरिट घालून. स्पिरिट मनवाच्याच घरून यायचं. लाखेची रेकॉर्ड मात्र अंकल स्वतः पुसायचे, नुसत्या कोरड्या मऊ फडक्याने. का, ते त्यांनी कधी सांगितलं नाही. इतकी वर्षं त्यांना ते इतकं पाठ होतं, की सांगायची गोष्ट आहे हेच त्यांच्या ध्यानात आलं नसावं. आम्हा मोठ्यांचं असं होतं.

एक तारखेला दुपारी अंकल झोपले होते. दिवाळीची सुट्टी होती. मनवाने रेकॉर्ड पाकिटातून काढून पाहिली, तर वाजवायच्या बाजूला पांढरी बुरशी. पांढऱ्या ठिपक्यांनी अर्धी बाजू भरलेली. तिला वाटलं, यामुळे आवाज बारीक येईल आणि अंकलना ऐकू जाणार नाही. तिने रेकॉर्ड घरी आणली. बाबांची बाटली घेतली, कापसाचा बोळा फडक्यात गुंडाळला, अगदी बाबा करतात तसा. पाणी घातलं नाही. बुरशी जास्त होती ना.

बोळा काळा झाला.

मळ निघतोय, असं तिला वाटलं. तिने अजून स्पिरिट घेतलं, अजून पुसलं. अजून काळं निघालं. केवढा हा मळ, अंकलना दिसलाच नसेल! बाबा टेबल घासतात तशी ती गोल गोल घासत राहिली. थोड्या वेळाने रेकॉर्ड अशी चमकायला लागली, की तिच्यात मनवाला खिडकी दिसली. तिने ती वाळवली, पाकिटात घातली आणि जागच्या जागी नेऊन ठेवली. उद्या अंकल खूश होतील, या आनंदात ती बोळा टाकायलाही विसरली.

दोन तारखेला अंकल चर्चमधून आले. इस्त्रीचा शर्ट, केसांना तेल. त्यांनी मेणबत्ती लावली. मनवाने चाळीस वेळा चावी फिरवली, नवी पिन बसवली आणि पिन कडेला टेकवली.

ओल्या वाळूवरून पत्रा ओढल्यासारखा आवाज आला. खर्र, खर्र. मध्येच पियानोचा एखादा तुकडा बुडबुड्यासारखा वर आला आणि फुटला. परत खर्र.

मनवा पिनकडे बघत राहिली.

अंकलनी मान एका बाजूला कलती केली. मग दुसऱ्या बाजूला. कानामागे हात धरला.

"लागली ना गं?"

मनवाने मान डोलावली.

"पियानो चाललाय?"

"हो." हे 'हो' तिने ठरवून म्हटलं नव्हतं. ते तोंडातून निघून गेलं.

अंकल खुर्चीतून पुढे सरकले. त्यांचा कान ग्रामोफोनच्या तोंडापाशी आला, डोळे मनवाच्या ओठांवर. मनवाला सगळं तोंडपाठ होतं. कुठे पियानो थांबतो, कुठे काय येतं.

"श्वास आला का, बाय?"

"आला."

"आता?"

"आता... आता वर जातायत."

"आणि तो लांब सूर? शेवटचा?"

"तो पण आला."

पिन कागदापाशी जाऊन टकटक करायला लागली. मनवाने ती उचलली. अंकल बराच वेळ तसेच वाकून बसले. मग त्यांनी चिमटीने मेणबत्ती विझवली.

"म्हणजे संपलं," ते म्हणाले. "डॅडी वाजवत होते आणि मी इथे ठोंब्यासारखा बसलो होतो."

"अंकल..."

"घरात उशीत ऐकले, आता म्हातारपणी पण उशीतच." ते हसले, पण ते हसू बघवत नव्हतं. "ही तुला घे. तुला ऐकू येतं ना? मग ही तुझी." त्यांनी रेकॉर्ड पाकिटात घालून तिच्या हातात दिली. "बाकीच्या उद्या बाहेर ठेवतो. रद्दीवाला येतो, त्याला जाऊ देत. बहिऱ्याच्या घरात कशाला हव्यात?"

मनवा घरी आली, तर बाबा मोरीपाशी उभे. त्यांच्या हातात तो बोळा होता. वाळून दगडासारखा टणक झालेला, काळा कुळकुळीत.

"ह्या काय गो?" त्यांनी तो जमिनीवर आपटून पाहिला. टक् असा आवाज आला. "काय पॉलिश केलंस?"

"पॉलिश नाही केलं. पुसलं."

बाबांनी बोळ्यावर स्पिरिटचा एक थेंब टाकून बोटाने चोळलं. बोट चिकटलं. वीस वर्षं हेच काम करणाऱ्या माणसाला वास घ्यायचीही गरज नव्हती.

"हा चपडा आहे. काळा केलेला. कशावरून काढलास?"

मनवाने पाकिटातून रेकॉर्ड काढली. बाबांनी ती उजेडात तिरकी धरली. वाजवायच्या बाजूला रेघा कडेला थोड्या होत्या, बाकी सगळं गुळगुळीत. ते खाली बसले.

"आणि ते म्हणतायत त्यांचे कान गेले," मनवा म्हणाली. तिने सगळं सांगितलं. 'हो' कितीदा म्हटलं, तेही.

बाबांनी रेकॉर्ड पाकिटात घातली. मग हळूच म्हणाले, "हे परत येणार नाही, मनवा. कपाटाचं पॉलिश गेलं तर मी दुसरं चढवतो. हे मला येत नाही. कुणालाच येत नाही."

"मग सांगू?"

"नको सांगूस. कान आज ना उद्या जायचेच होते त्यांचे. त्यांना वाटतंय डॅडी वाजले. वाटू दे."

मनवाने मान डोलावली. बाबांचं तिला पटलंही. पण मग तिला आठवलं, अंकलनी आधी डावा कान पुढे केला होता, मग उजवा.

सकाळी अंकल गॅलरीत रेकॉर्डींचे गठ्ठे लावत होते. एकेक रेकॉर्ड आणायची, वरच्या चित्रावर हात फिरवायचा, ठेवायची, परत आत जायचं. ग्रामोफोनची चावीही त्यांनी गठ्ठ्यांवर ठेवली होती. रद्दीवाल्याची हाक खालच्या मजल्यावरून येत होती. अंकलना ती ऐकू येत नव्हती.

मनवा त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"अंकल, या देऊ नका."

"काय?"

"देऊ नका. मी खोटं बोलले."

"मोठ्याने बोल, बाय. सांगितलं ना, कान गेलेत."

आता जरा थांबा आणि तिच्या जागी उभे राहा. खोटं तिने एकेका शब्दात सांगितलं होतं, अंकलना ते ओठांवरूनच कळलं होतं, त्याला आवाज लागला नव्हता. खरं मात्र ओरडून सांगायला हवं होतं. गॅलरीत नळावर बायका होत्या, कठड्याला टेकून पोरं उभी होती, आणि शेजारच्या दारात बाबा.

मनवाने खिशातून तो काळा बोळा काढला आणि अंकलच्या हातात ठेवला. मग श्वास घेतला आणि ओरडली, "तुमचे कान गेलेले नाहीत! रेकॉर्ड वाजलीच नाही! मी ती स्पिरिटने पुसली! हे तेच आहे, तुमच्या हातात!"

नळावरची बादली भरून वाहायला लागली, तरी कुणी नळ बंद केला नाही. अंकलनी बोळा मुठीत धरला, मूठ उघडली, परत मिटली. त्यांच्या तोंडावर काहीच हललं नाही. ते मनवाकडे बघत नव्हते, कुणाकडेच बघत नव्हते.

त्यांना ऐकू गेलं नसेल असं वाटून मनवा आणखी एक पाऊल पुढे गेली, आणि तिने तेच सगळं पुन्हा एकदा, पहिल्यापेक्षा मोठ्याने सांगितलं.