हिस्केची बोलकी पेटी

मित्रांनो, मी एक जुनी बोलकी पेटी आहे. दुकानात मला लॅपटॉप म्हणायचे. पण लॅपटॉप घरोघरी पडलेत. मी एका बाईचा आवाज होते. तेव्हा मला अडगळ समजू नका, जरा बूड टेकून ऐका.

कारखान्यात मला कुणी घडवलं ते आठवत नाही. इतक्या हातांखालून गेले, की एकही चेहरा ध्यानात राहिला नाही. मला जग दिसलं ते फ्रीसलंड नावाच्या दूरच्या प्रांतातल्या एका खेड्यात, हिस्केच्या स्वयंपाकघरात. हिस्के म्हणजे खणखणीत बाई. तिने आपल्या गाईंना हाक मारली, की शेजाऱ्याच्या गाईसुद्धा माना वळवायच्या. पुढे घशाचं दुखणं आलं. शस्त्रक्रिया झाली, जीव वाचला, आवाज तेवढा गेला. हात थरथरायचे, त्यामुळे पेनही धरता येईना. मग थोरल्या मुलाने, वीबेने, मला आणलं. ती एका बोटाने अक्षरं दाबायची आणि मी मोठ्याने बोलायची. पहिल्याच दिवशी तिने माझ्या तोंडून वीबेला सुनावलं, "बूट बाहेर काढ. आवाज गेलाय माझा, डोळे नाही गेले." वीबे हसता हसता रडला. तेव्हा माझं काय कौतुक झालं म्हणून सांगू!

वीबे माझ्या कंपनीचा भक्त. धाकटा डुर्क दुसऱ्या पंथातला. जगभरच्या हौशी लोकांनी मिळून बनवलेली, फुकट मिळणारी ऑपरेटिंग सिस्टिम हेच त्याचं दैवत. ऑपरेटिंग सिस्टिम म्हणजे आम्हा यंत्रांचा जीव. आता जीव कुणी घातला यावरून शहाण्या माणसांनी भांडावं का? पण हे भांडायचे. वाढदिवसाला सगळे खुर्च्या मांडून गोल बसायचे, हातात कॉफी, बशीत गुलाबी साखरेचा केक, आणि यांचं सुरू.

"तुझ्या कंपनीने उद्या श्वासाला पैसे लावले, तरी तू पहाटे रांगेत उभा राहशील," डुर्क म्हणायचा.

"आणि तुला एक कागद छापायचा असला, की आधी पोथी वाचायला बसावं लागतं," वीबे म्हणायचा.

हिस्के मला बोलायला लावायची, "दोघं केक खा. तोंडं भरलेली असली की घरात शांतता असते."

मग एका उन्हाळ्यात कंपनीने माझ्यात नवं अपडेट भरलं, आणि त्यातून माझ्या पोटात कीड शिरली. त्या किडीला माणसं बग म्हणतात. हिस्के वाक्य लिहायची, पडद्यावर 'बोलून झालं' अशी हिरवी खूण यायची, आणि माझ्या तोंडातून हूं की चूं नाही. रोज नाही, मधूनच. वाक्य घशाशी यायचं आणि तिथेच विरायचं. त्या वेळची माझी तगमग कुणाला सांगणार? सांगायला तोंड तर तेच!

हिस्केने वीबेला खुणेने दाखवलं. तो म्हणाला, "आई, तू बटण हळू दाबतेस. आपल्या यंत्रात असं होत नाही." दुसऱ्यांदा त्याने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं, तेव्हा मला बंद करून पुन्हा चालू केलं आणि म्हणाला, "डुर्कला सांगू नकोस हं. वर्षभर चिडवत बसेल." कंपनीला कळवावं, तर ती फितुरी. मग काय, बिघडले की घाईघाईने बंद, पुन्हा चालू. पडद्यावरचं पुसलं जायचं आणि हिस्केचं म्हणणं तसंच राहायचं.

डुर्कला वास लागला होताच. त्याला दुरुस्तीही येत होती. पण तो म्हणाला, "आधी वीबेने कबूल करावं, मग मी हात लावीन." वा रे वाघ! दोघांच्या मानपानात आईचं तोंड बंद.

त्या शरदात हिस्के न्हाणीघरात घसरून पडली. तिने एकटीने घरी राहायचं की वृद्धाश्रमात जायचं, हे ठरवायला नगरपालिकेच्या हूकस्ट्राबाई आल्या. दोन्ही मुलं हजर होती. बाईंनी विचारलं, "तिकडे जायला तुमची तयारी आहे ना?"

हिस्केने लिहिलं. हिरवी खूण आली. मी गप्प.

तिने पुन्हा लिहिलं. मी गप्पच.

"आई विचार करतेय," वीबे पुटपुटला.

"आई नाही, तुझी कंपनी विचार करतेय," डुर्क हसला.

"तू गप्प बस. तुझ्या यंत्राला तर आवाजच..."

"काही हरकत दिसत नाही," हूकस्ट्राबाई म्हणाल्या आणि लिहू लागल्या.

वीबेचा हात सवयीने माझ्या बटणाकडे आला. हिस्केने त्या हातावर अशी चापट मारली, की कपबशा वाजल्या. मग तिने आणखी दोन ओळी लिहिल्या आणि कोपराने ढकलून माझा पडदा पाहुणीकडे फिरवला. बाईंनी चष्मा लावला आणि स्वतःच्या आवाजात, अडखळत वाचलं:

"मी हे घर सोडणार नाही. पेटी बिघडली आहे, वीबेला ठाऊक आहे. डुर्क, तुला दुरुस्त करता येते, आणि तू हसतोस. तुम्ही दोघं आपापल्या यंत्राची बाजू घेता. माझी कोण घेणार?"

हूकस्ट्राबाईंनी लिहिलेलं खोडलं. हिस्के घरीच राहील, सकाळी एक नर्स येऊन जाईल, असं ठरलं.

त्याच दुपारी, डुर्क शेजारी असताना, वीबेने कंपनीला तक्रार लिहिली. त्याचे कान लाल झाले होते. उत्तर आलं: कीड सापडली, दुरुस्ती पाठवत आहोत, तुमच्याआधी हे आम्हाला कुणीच कळवलं नव्हतं.

वीबेने ते पुन्हा वाचलं. "कुणीच नाही? अरे, अशा पेट्या किती घरांत असतील."

या वेळी डुर्क हसला नाही. "आणि त्या घरांत तुझ्या-माझ्यासारखे मुलगेही असतील," तो म्हणाला.

माझा घसा मोकळा झाला, पण त्या घरांचा विचार माझ्या मनातून अजून जात नाही. माझ्याच बहिणी तिथे हिरवी खूण दाखवत गप्प बसल्या असतील, आणि कुणा आईच्या गप्प बसण्याला लोकांनी होकार समजून तिला वृद्धाश्रमाच्या गाडीत बसवलं असेल. मित्रांनो, आम्हा यंत्रांना खुशाल जीव लावा. पण आमची खोड झाकू नका. तिच्याखाली माणूस झाकला जातो.