फीनीचं घर तपासताना

कुत्रं मागायला येणाऱ्या माणसावर माझा काडीचा विश्वास नाही. सात वर्षं आमच्या प्राणी-आश्रमासाठी लोकांची घरं तपासतेय. गोड बोलून कुत्रं न्यायचं आणि महिन्याभरात गॅरेजात डांबायचं, असले नग पुष्कळ बघितलेत. आमची व्यवस्थापक हिल्के म्हणते, "विब्के, तुझ्या परीक्षेत देवसुद्धा पास व्हायचा नाही गं." न होवो! माझं काय जातंय?

त्यात हा ओको फ्रेरिक्स, वय अठ्ठ्याहत्तर. आश्रमात चाळीस कुत्री, पण याला हवी फीनीच. बारा वर्षांची, दोन्ही डोळ्यांनी आंधळी. नोव्हेंबरात कुण्या मेल्यानं फाटकाला बांधून पळ काढलेला, फीनी हे नावही आम्हीच ठेवलेलं. तीन महिने तिला कुणी विचारलं नव्हतं. ती खायची नाही, भिंतीकडे तोंड करून पडायची. इथंच राहिली तर उन्हाळा बघायची नाही, असं डॉक्टर म्हणाले होते.

"हीच कशाला?" मी विचारलं.

"म्हाताऱ्याला म्हातारीच बरी," तो म्हणाला, पण माझी नजर चुकवून. अर्जात 'आधी कुत्रं पाळलंय का?' याच्यापुढे 'नाही'. पाणी कुठंतरी मुरत होतं.

रीतीप्रमाणे फीनीला घेऊनच मी त्याच्या घरी गेले. समुद्राच्या बांधामागचं विटांचं बैठं घर. स्वयंपाकघरात तिचा पट्टा सोडला आणि मी सगळं बघत फिरले. मागच्या दारावर, खालच्या अंगाला, ओरखडेच ओरखडे.

"हे काय?"

"जुनं दार आहे, बाई."

उत्तर कसं तयारच! एक कप चहा घेऊन उठायचं मी ठरवलं. पण आमच्या भागात तीन कपांच्या आत उठणं म्हणजे यजमानाचा अपमान. त्यानं खडीसाखरेवर गरम चहा ओतला, ती तडकली, वर चमचाभर साय सोडली. मी चरफडत बसून राहिले.

दुसऱ्या कपाला फीनी उठली. आश्रमात ती रोजच्या बादलीलाही धडकते. इथं मात्र खुर्च्यांमधून वाट काढत, कोळशाच्या पेटीला वळसा घालून, कशालाही न लागता ती शेगडीमागच्या कोपऱ्यात गेली. तिथं रिकामी फरशी होती. दोनदा गोल फिरली आणि सुस्कारा टाकून आडवी झाली.

माझ्या हातातला कप हातातच राहिला.

"ही तुमचीच आहे! तुम्हीच बांधलीत हिला! आंधळा जीव, एवढी थंडी, लाज नाही वाटली?"

"वाटते ना. म्हणून तर खोटं लिहिलं." त्यानं किटली खाली ठेवली. "हृदयाचं ऑपरेशन होतं. खाट रिकामी झालीय, आत्ताच्या आत्ता या, असा इस्पितळातून फोन आला. मला मूलबाळ नाही. शेजारचं घर सुट्टीवाल्यांचं, हिवाळ्यात रिकामं. तुमच्याकडे आणली, तर फाटकावर पाटी लावलेली, टाकून जाणाऱ्याला जनावर परत मिळणार नाही. घंटा वाजवली तर तुम्ही मला ओळखून ठेवणार, मग ती कायमचीच गेली; म्हणून धजलो नाही. पलीकडे टॅक्सीत बसून राहिलो. एक लाल टोपीवाली बाहेर आली, तिनं आपला कोट काढून हिच्या अंगावर घातला. मग गेलो. दुखणं लांबलं, तीन महिने तिथंच अडकलो. परवा सुटलो, तडक तुमच्याकडे आलो."

लाल टोपी माझी. आणि ती पाटीही मीच हट्टानं लावून घेतलेली. माझा मलाच राग आला, आणि त्याचा तर आलाच.

अर्जाचा एक रकाना उरला होता. "मालक आजारी पडला तर जनावर कोण सांभाळेल?" मी वाचलं.

त्यानं फीनीचा पट्टा उचलून माझ्यापुढे ठेवला. "कुणी नाही," म्हणाला. "घेऊन जा तिला."

"तिसरा कप कोण ओतणार?" मी खेकसले.

त्यानं ओतला. थोडा चहा बशीत सांडला. मी त्या रकान्यात माझं नाव लिहिलं, फोन नंबर लिहिला, आणि अर्ज त्याच्यापुढे सरकवला.

"पुढच्या वेळी," मी दरडावलं, "घंटा वाजवायची. कळलं?"