धारेच्या अलीकडे

मित्रांनो, मी गोदावरीवरची एक नाव आहे. वयानं जुनी आणि स्वभावानं, खरं सांगते, फार मत्सरी. लाकडाला कसला आलाय मत्सर, असं तुम्हाला वाटेल. पण एकाच माणसाच्या हाताची वर्षानुवर्षं सवय झालेली असली, की तो हात दुसरीकडे गेलेला लाकडालाही सहन होत नाही.

मला पैठणच्या एका सुतारानं घडवलं. सागाच्या फळ्या जोडल्या, सांध्यांत ताग ठासला आणि वरून डांबर फासलं. घडवून घेणारा माझा मालक म्हणजे सांडू भोई. वल्हवत, कुठं दोरानं ओढत, त्यानं मला चार दिवसांत वरच्या अंगाला, गंगापूर तालुक्यातल्या आपल्या गावच्या घाटावर आणलं. त्याच्या बायकोनं, भागूबाईनं, माझ्या नाकाडावर, म्हणजे पुढच्या टोकावर, हळद-कुंकू वाहिलं.

तेव्हा आमच्याकडे निजामाचं राज्य होतं. गोदावरीला आम्ही सगळे गंगाच म्हणतो. गंगेचा अलीकडचा काठ निजामाचा, पलीकडचा इंग्रजांचा, आणि मधली धार ही दोघांची हद्द. बाजाराला निघालेली माणसं, शेळ्या, मडक्यांच्या उतरंडी, माहेराला आलेल्या लेकी, सगळ्यांना मी बारा वर्षं पार नेलं. माझा काठ पाण्यापासून एक वीत वर राहिला पाहिजे, हा सांडूचा नियम. काठ खाली गेला की तो एखाद्याला हसून सांगायचा, “पाव्हणं, तुम्ही फुडच्या खेपंला.” घाटावर माझ्यासारखी दुसरी नाव नाही, असं लोक म्हणायचे. मला ते खरंच वाटायचं.

मग कुठं तरी मोठी लढाई लागली आणि धान्य दुर्मीळ झालं. परवान्याशिवाय जवारी हद्दीपार न्यायला सरकारनं बंदी घातली. घाटावर नाका बसला. नाक्याबरोबर आली एक नवी होडी. हिरवा रंग, पिवळं निशाण, आणि आत बसलेला जमादार चांदपाशा. पहिल्याच दिवशी गावकऱ्यांना जमवून त्यानं हुकूम वाचून दाखवला. नाक्याची हाक आली की खासगी नावेनं जागच्या जागी थांबायचं. जमादार नावेत चढेल, माल पाहील. बायांची गाठोडी बायांनीच सोडून दाखवायची, त्यांना कुणी हात लावणार नाही. चोरटं धान्य सापडलं तर धान्य जप्त, नावही जप्त, मग मालक कुणी का असेना. हा अधिकार मात्र धारेपर्यंतच. धार ओलांडलेल्या नावेत जमादारानं पाऊल ठेवायचं नाही.

मी त्या होडीकडे पाहत होते. बारा वर्षांत मी शेकडो माणसं पार नेली, पण माझ्या हाकेला कधी कुणी थांबलं नव्हतं. हिनं अजून एकही माणूस पार नेला नव्हता आणि सगळा घाट हिला घाबरत होता. माझ्या पोटात तिथंच काहीतरी जळलं.

पुढचं त्याहून वाईट झालं. चांदपाशा जातीचा स्वार, पाण्यातलं त्याला काही कळत नव्हतं. दुसऱ्याच आठवड्यात त्याची होडी धारेत गरगर फिरली. सांडूनं उडी टाकून ती काठाला आणली. तेव्हा चांदपाशा म्हणाला, “सांडूमियाँ, ही नदी तुमको पैचानती है. सरकारी नोकरी घ्या.” सांडूनं ती घेतली. मला त्यानं भागूबाईच्या धाकट्या भावाकडे, रामकिसनकडे, चालवायला दिलं.

तेव्हापासून रोज तोच प्रकार. मी निघाले की मागून हाक यायची, “नाव थांबवा!” ती हाक सांडूचीच असायची. हिरवी होडी माझ्या अंगाला लागायची. जमादाराला नीट चढता यावं म्हणून सांडू माझा काठ धरून ठेवायचा. ज्या हातानं मला डांबर लावलं, त्याच हातानं तो मला परक्यासारखा अडवायचा. त्या होडीच्या फळ्या मात्र तो रोज संध्याकाळी पुसायचा. मी काठावरून ते बघायचे. तिच्या तळाला भोक पडावं, असंही मी मनात आणलं आहे. तुमच्यापासून काय लपवू?

रामकिसन वाईट नव्हता, हयगय करणारा होता. “माझ्या सांध्यांत ताग भरा हो,” असं मला ओरडता आलं असतं तर बरं झालं असतं. सांडूनं दोनदा टोकलं, “रामकिसन, नाव पाणी घेती. डांबर लाव.”

“लावतो की, दाजी,” असं म्हणून तो दोन्ही वेळा निघून गेला.

भाद्रपदात गंगा भरून वाहत होती. एका दुपारी रामकिसननं माझ्या तळावरच्या आडव्या फळ्या उचलल्या. खालच्या पोकळीत त्यानं जवारीची सात पोती आडवी ठासली, फळ्या परत बसवल्या आणि वर गवत पसरलं. मला काय वाटलं असेल? मी खूष झाले. सरकारी होडीला ठाऊक नाही, सांडूलाही ठाऊक नाही, असं काहीतरी आता माझ्या पोटात होतं. थांबवा म्हणावं उद्या!

पण माझ्या तळाला पाझर होता. रात्रभर पाणी त्या पोत्यांत मुरलं आणि जवारी फुगायला लागली. सकाळी अकरा उतारू चढले. त्यांत मनकर्णाबाई नावाची म्हातारी होती, पलीकडच्या लेकीच्या बाळंतपणाला निघालेली. घाट सोडला तेव्हाच मला कळलं, आतून कुणीतरी माझ्या फळ्या हळूहळू बाहेर रेटतंय. डाव्या अंगाची एक फळी कुरकुरली. गर्व कुठल्या कुठं गेला. मला भीती वाटली, आणि सांगायला तोंड नव्हतं.

“नाव थांबवा!”

रामकिसननं ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. वल्हं जोरात मारलं. हिरवी होडी पाणी कापत आली.

“थांबायचं नाय!” रामकिसन ओरडला. “ही खासगी नाव हाय. आम्ही धार वलांडली. आता हितं तुमचा हुकूम चालत नाय!”

चांदपाशा उभा राहिला, पण माझ्यात पाऊल टाकेना. पुराच्या पाण्यात सगळी नदी एकसारखीच दिसत होती. तो सांडूकडे वळला. “सांडू, सच बोल. धार ओलांडली का नाही?”

मित्रांनो, त्या क्षणी सगळं सांडूच्या जिभेवर होतं. “ओलांडली” एवढा एक शब्द त्यानं उच्चारला असता, तर होडी मागं फिरली असती. मेव्हणा वाचला असता आणि मीही जप्तीतून वाचले असते. शेवटी मालकीनं मी त्याचीच होते. हुकूम त्यालाही पाठ होता. तो पाण्याकडे बघतच नव्हता. तो माझ्या काठाकडे बघत होता. तिथं वीत नव्हती, जेमतेम चार बोटं होती.

“धार अजून फुडं हाय, साहेब,” सांडू म्हणाला. “चढा तुम्ही. अकरा माणसांत ही इतकी खाली बसत नाय. मी हिला वळखतो.”

त्या दुसरीसाठी यानं मला सरकारला दिलं, हाच एक विचार मनात आला.

चांदपाशा चढला. त्यानं आधी बायांना बाजूला व्हायला सांगितलं, मग गवत सारलं आणि फळी उचलली. खाली पोती तट्ट फुगली होती आणि फटीतून पाण्याची चिळकांडी उडत होती. मनकर्णाबाई किंचाळली. जवारी जप्त करायचं चांदपाशा तेवढ्यापुरतं विसरला. “पहिले माणसं उचला!” असं म्हणून त्यानं म्हातारीला हाताला धरून होडीत घेतलं. एकेक करत अकराही जण हिरव्या होडीत गेले. शेवटी रामकिसन रडत रडत गेला. सांडूनं आपल्या पटक्यानं माझी फट ठासली आणि मला दोरानं मागं बांधलं. अशी मी परत आले, त्या होडीच्या मागं, तिच्या दोराला.

रामकिसनला गंगापूरच्या कचेरीत शिक्षा झाली. माझ्या नाकाडावर जप्तीचा शिक्का बसला. भागूबाई नाक्यावर येऊन नवऱ्याला म्हणाली, “माझा भाऊ गेला, नाव गेली. आपल्याच तोंडानं घालवलीत की व्हो!”

सांडूनं हातातलं वल्हं खाली ठेवलं. मग म्हणाला, “ती बुडत व्हती, भागू. तिला बोलता येत नाय. कुणीतरी तिच्या वतीनं बोलायला नगं का?”

मी ते ऐकलं. सहा महिने मनात धरलेली आढी तिथं पहिल्यांदा हलली.

लिलावात पैठणच्या इब्राहीम नावाच्या माणसानं मला घेतलं. नदीच्या वाळूत तो खरबुजं पिकवायचा. नाक्याच्या नोकराला बोली लावायला बंदी होती. सांडू लांब लिंबाखाली उभा होता. इब्राहीमनं माझे सांधे नव्यानं भरून घेतले, सामान चढवलं आणि मला पाण्यात लोटलं. घाट सुटतो न सुटतो तोच मागून हाक आली, “नाव थांबवा!”

होडी अंगाला लागली. चांदपाशा जागेवरच बसून राहिला. “सांडू, तू देख ले,” तो म्हणाला, “तुला जास्त कळतं.”

सांडू माझ्यात उतरला. त्यानं सामान पाहिलं. मग वाकून एकेका सांध्यावरून अंगठा फिरवला, पार नाकाडापर्यंत. “इब्राहीमभाई, धा माणसांपेक्षा जास्त बसवू नका. ही सोसती, सांगत नाय.”

तो हात परत हिरव्या होडीच्या वल्ह्याकडे गेला. माझा मत्सर संपला, असं मी म्हणणार नाही. आजही तसली होडी दिसली की पोटात जळतं. पण मित्रांनो, तुमच्यावर माया करणारं कुणी अडवून आत डोकावू लागलं, तर वल्हं जोरात मारू नका. त्याला चढू द्या. त्या दिवशी सांडूचा अंगठा माझ्या शेवटच्या सांध्यावर होता, आणि ही तपासणी अजून थोडी लांबावी, असं मला वाटत होतं.